शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



ऑगस्ट महिन्यात दोन तारखा अशा आहेत, की त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हाला वाटले. ९ ऑगस्ट हा जगभर आदिवासी दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली तसे ठरविले. आणि ३१ ऑगस्ट हा ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. १९७३ साली याच दिवशी त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

ताराबाईंचे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असेल. बालवाडी, अंगणवाडी हे शब्द तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. परंतु अंगणवाडी हा शब्द कोठून आला, शाळेला अंगणात जाण्याची वेळ का आली आणि त्यासाठी एका सुशिक्षित, शहरी बाईने उतारवयात काय सोडले, हे सहसा सांगितले जात नाही. या रविवारी ती कथा सांगण्याचे आम्ही ठरविले आहे. तिचा आपल्या ख्रिस्तसभेच्या अलीकडील एका दुःखद अध्यायाशीही जवळचा संबंध आहे. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

दूर देशातील एक जखम

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस कॅनडातील मास्क्वासिस या ठिकाणी गेले. त्यांचे वय तेव्हा ८५ होते, गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते चाकाच्या खुर्चीत बसून हिंडत होते. तेथे जमलेल्या आदिवासी लोकांपुढे त्यांनी ख्रिस्ती लोकांनी केलेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. हा अन्याय निवासी शाळांमध्ये घडला होता.

एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कॅनडाच्या सरकारने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालविल्या. पैसा सरकारचा आणि कारभार बहुतांशी चर्चचा. यातील निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांच्या ताब्यात होत्या. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. १९२० साली कायदा करून मुलांना पाठविणे सक्तीचे करण्यात आले. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, भावाबहिणींना वेगळे ठेवले जाई आणि आईची भाषा बोलल्यास शिक्षा होई. आजार, उपासमार, मारहाण आणि त्याहून वाईट अत्याचार तेथे झाले. चार हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूंची नोंद आतापर्यंत झालेली आहे. त्यातील अनेकांचे देह आईवडिलांना पाहावयासही मिळाले नाहीत.

२००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. या आयोगाने हजारो माजी विद्यार्थ्यांच्या साक्षी ऐकल्या आणि २०१५ साली आपला अहवाल दिला. त्यात करावयाच्या ९४ गोष्टी सांगितल्या होत्या. पोपनी स्वतः येऊन क्षमा मागावी, ही त्यांतील एक. सात वर्षांनी ती पूर्ण झाली. तेथे आता दरवर्षी ३० सप्टेंबर हा सत्य आणि समेटाचा दिवस म्हणून पाळला जातो.

आयोगाच्या नावात सत्य आधी आहे आणि समेट नंतर, हे आपण लक्षात घेऊ. पापनिवेदनालाही हाच क्रम आहे. जे घडले ते आधी बोलावे लागते.

आता प्रश्न असा, की आदिवासी मुलाला शिकवायचे तर त्याला आईपासून तोडलेच पाहिजे काय? दुसरा मार्ग नव्हता काय? होता. कॅनडातील त्या शाळा भरात होत्या, त्याच काळात आपल्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दोन मराठी बायका तो मार्ग पायी चालत होत्या.

मुंबईची तारा

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई. केळकरांचे घर प्रार्थना समाजाचे, म्हणजे त्या काळच्या मानाने फार पुढारलेले. मुलींनी शिकावे, जातिभेद मानू नये, ही शिकवण घरातच मिळाली. १९१४ साली तारा मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. त्या काळी पदवीधर स्त्री म्हणजे लोकांनी वळून पाहावे असा प्रकार होता.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. काही वर्षांत पतिपत्नी विभक्त झाली आणि ताराबाई आपल्या लहानग्या मुलीला, प्रभाला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळे होऊन एकटीने मूल वाढविणाऱ्या बाईला समाजाने काय काय ऐकविले असेल, याची कल्पना आपल्या आयाबहिणींना सहज येईल.

राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पगार चांगला, मान मोठा. परंतु मुलीला कोठे शिकवावे हा प्रश्न त्यांना पडला. आजूबाजूच्या शाळांत घोकंपट्टी आणि छडी यांखेरीज काही नव्हते. अशा वेळी भावनगरच्या एका शाळेची माहिती त्यांच्या कानावर आली.

गिजुभाईंची शाळा

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मूल झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसोरी यांचे लेखन आले आणि त्यांनी वकिली सोडून दिली. मिशा असलेली आई असे त्यांना गुजरातेत लाडाने म्हणत.

माँटेसोरीबाईंची येथे थोडी ओळख करून द्यावयास हवी. या इटलीच्या, कॅथलिक घरातल्या. शिक्षणाने डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. मूल म्हणजे रिकामे भांडे नव्हे. त्याला स्वतःहून शिकण्याची ओढ असते, मोठ्यांनी फक्त योग्य वस्तू हाताशी ठेवाव्या आणि मध्ये लुडबुड करू नये, हा त्यांचा विचार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या अनेक वर्षे भारतातच होत्या. योगायोग असा, की माँटेसोरीबाईंचा जन्मदिवसही ३१ ऑगस्ट, जो ताराबाईंचा स्मृतिदिन आहे.

१९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली दाखल झाल्या. तेथे त्यांनी जवळजवळ नऊ वर्षे काम केले. गुजराती भाषा आत्मसात केली, त्या भाषेत लिहिले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत आणि मग मराठीतही निघू लागले. मुलांना मारू नका, धाक दाखवू नका, त्यांना कामे करू द्या, त्यांच्याशी खरे बोला, अशा गोष्टी त्या आईबापांना समजावून सांगत. आज या गोष्टी आपल्याला साध्या वाटतात. त्या काळी छडीवाचून विद्या येत नाही, अशी घरोघर समजूत होती.

पुढे त्या मुंबईला आल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. बालवाड्यांच्या शिक्षिका तयार करण्याचे काम तेथे चाले. संस्था नावारूपाला आली. साधारणपणे माणूस येथे थांबतो. वय पन्नाशीच्या पुढे गेले, कीर्ती मिळाली, संस्था उभी राहिली, आता विश्रांती घ्यावी. ताराबाईंच्या मनात मात्र वेगळीच टोचणी होती.

बोर्डीला जाण्याचे कारण

माँटेसोरीबाईंनी जे काम गरीब वस्तीसाठी सुरू केले, ते भारतात येता येता श्रीमंतांच्या मुलांचे झाले होते. गुळगुळीत लाकडी साधने, रंगीत मणी, मापात बसविलेल्या खुर्च्या, हे सारे महाग. ते फक्त शहरातील पैसेवाल्यांना परवडे. आणि देश तर खेड्यांत होता. गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाच्या विचारानेही ही जाणीव अधिक तीव्र केली होती.

१९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. त्यांचे वय तेव्हा ५३ होते. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांना एक सहकारी मिळाल्या, त्या अनुताई वाघ. अनुताई लहानपणीच लग्न होऊन सहा महिन्यांतच विधवा झाल्या होत्या. पुढे शिकून पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. ती नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत तिकडच्याच झाल्या. एक पतीपासून विभक्त झालेली, दुसरी बालविधवा. समाजाने ज्यांना अपशकुनी मानावे, अशा या दोघी बायकांनी हजारो मुलांचे आईपण केले.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. हरिजन वाड्यातील मुले तर गावातल्या शाळेची पायरी चढावयास घाबरत. ती आली असती तर गावातल्या काही मंडळींना ते खपलेही नसते. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही, त्यांच्या आईबापांनाही नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका साहित्य घेऊन वाड्यात जाऊ लागल्या. कोणाच्या तरी घराचे अंगण झाडून, सारवून घ्यावयाचे आणि तेथेच मुले जमवावयाची. हात-पाय धुणे, नखे कापणे, गाणी, गोष्टी, खेळ. आई दारात बसून धान्य पाखडत हे सारे पाहते आहे, आजी मध्येच काही बोलते आहे, असा तो वर्ग. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी. शब्द असा जन्माला आला.

महागड्या साधनांचे काय? तीही अंगणातच सापडली. शंख, शिंपले, बिया, खडे, काड्या, पाने, माती. मोजावयास बिया, रंग ओळखावयास पाने-फुले, हाताला वळण लागावे म्हणून माती. एका पैशाचा खर्च नाही आणि मुलाला ती वस्तू परकी वाटत नाही.

वारल्यांच्या डोंगरात

बोर्डीच्या मागे डोंगर आहेत आणि त्या डोंगरांत वारली लोकांचे पाडे आहेत. १९४५ हे वर्ष वारल्यांच्या इतिहासात फार मोठे आहे. ते समजल्याशिवाय ताराबाईंचे पुढचे काम समजणार नाही.

वारली हे या भूमीचे जुने रहिवासी. इंग्रजी अमलात जंगल सरकारजमा झाले आणि जमिनी हळूहळू सावकार व जमीनदार यांच्या नावे गेल्या. ज्या जमिनीत आजोबा मालक होता, तेथे नातू वेठीला राबू लागला. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा खावटी म्हणून धान्य उसने घ्यावे लागे आणि सुगीला ते दामदुपटीने फेडावे लागे. लग्नासाठी कर्ज काढले तर नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी जन्मभर बांधली जात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या वेठबिगारीचे वर्णन केले आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी किसान सभेच्या मेळाव्यात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही, असे त्यांनी ठरविले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या चळवळीचे नेते होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व त्यांचे चार साथी ठार झाले. गोदावरीबाईंनी पुढे जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात हा सारा इतिहास लिहून ठेवला आहे. आपल्या वाचनालयात ते पुस्तक असावयास हवे.

मिशनरी, समाजसुधारक, सरकार, सारेच आदिवासींना मागासलेले म्हणत आले. परंतु त्यांना मागे कोणी ठेवले, हे सांगितल्याशिवाय मागास हा शब्द वापरणे म्हणजे चोरी झालेल्या घराला दरिद्री म्हणून हिणविण्यासारखे आहे.

१९५७ च्या सुमारास ताराबाई आणि अनुताई यांनी आपले काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर नेले. ताराबाई आता ६५ वर्षांच्या होत्या. येथे वारल्यांचे पाडे जवळ होते. पण पाडे एकमेकांपासून दूर दूर विखुरलेले, मध्ये ओढे, डोंगरवाटा. मुले शाळेत न येण्याची कारणे त्यांनी एकेक करून समजून घेतली.

मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण आई मजुरीला जाते आणि तान्ह्या भावाला तिलाच सांभाळावे लागते. मग शाळेच्या आवारातच पाळणाघर काढले. बहीण भावाला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशा तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आणल्या. त्याला विकासवाडी असे नाव दिले.

मुलगा येत नाही, कारण त्याला गुरे राखावी लागतात. गुरे सोडून तो आला तर घरी भाकरीचा प्रश्न. मग शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले अक्षरे गिरवीत आहेत. ही कुरणशाळा. जे दिवसभर राबत, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

या साऱ्या कामामागे एकच साधा विचार आहे. मूल जेथे आहे तेथे ते असण्याला काही कारण असते. त्या कारणाचा मान राखून शिकविता येते. कॅनडात मुलाचे घर हाच त्याच्या शिक्षणातला अडथळा मानला गेला आणि म्हणून घरच तोडले. ताराबाईंनी घरालाच शाळेची पहिली भिंत मानले.

मोठेपणा आणि मर्यादा

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. कोसबादचे काम अनुताईंनी पुढे चालविले. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांचेही निधन झाले. कोसबादच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वाड्यात सारवलेल्या एका अंगणातून निघालेला शब्द आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत बोलला जातो.

संतांचे चरित्र सांगताना आपण फक्त गुणच सांगतो. परंतु सत्य आणि समेट यांविषयी बोलताना तसे करून चालणार नाही. ताराबाईंच्या कामालाही मर्यादा होत्या. शाळेने वारल्याला अक्षर दिले, जमीन दिली नाही. जमिनीचा आणि वेठीचा लढा वारल्यांनी स्वतः लढला. वनहक्क कायदा येण्यासाठी २००६ साल उजाडावे लागले आणि त्यानंतरही अनेकांचे दावे वर्षानुवर्षे पडून राहिले. शिवाय स्वच्छता, शिस्त, शुद्ध भाषा यांच्या शहरी, उच्चवर्णीय कल्पना त्या काळच्या सर्वच सुधारकांच्या कामात मिसळलेल्या होत्या. आज आदिवासी समाजातील शिकलेले तरुण-तरुणी या कल्पनांना प्रश्न विचारतात. ते प्रश्न योग्य आहेत. तरीही मूल ताब्यात घेणे आणि मुलाजवळ जाऊन बसणे यांतला फरक मोठा आहे. ताराबाई जाऊन बसल्या.

आश्रमशाळांविषयी थोडेसे

आपल्याकडेही आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा आहेत. त्यांना आपण आश्रमशाळा म्हणतो. ठक्कर बाप्पा यांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. त्यांच्यासारख्या सेवकांच्या कामातून ही पद्धत रुजली. हेतू चांगला होता. पाडे दूरवर, प्रत्येक पाड्यात शाळा शक्य नाही, घरी दोन वेळचे अन्न नाही. मग मुलाला राहण्या-जेवण्याची सोय करून शिकवावे. आज महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित मिळून एक हजारांहून अधिक आश्रमशाळा आहेत. या शाळांमुळे अनेक मुले शिकली, शिक्षक, परिचारिका, अधिकारी झाली. कॅनडातील शाळांशी त्यांची सरसकट तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे आदिवासीपण पुसून टाकणे हाच हेतू होता.

परंतु हेतू चांगला असला म्हणजे सारे काही चांगलेच होते, असे नाही. सर्पदंश, आजार, अत्याचार यांमुळे आश्रमशाळांतील मुले दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे हा विषय गेला. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सहा-सात वर्षांचे मूल घरापासून दूर तापाने फणफणले असता त्याच्या कपाळावर हात कोण ठेवते, हा प्रश्न कॅनडात जितका खरा होता तितकाच जव्हार-मोखाड्यातही खरा आहे.

आपल्यासाठी

हे सारे आपल्या चर्चच्या पत्रिकेत का लिहिले, असे कोणी विचारील.

पहिले कारण असे, की आपल्या ख्रिस्तसभेचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी ठाणे, पालघर, रायगड, नाशिक या भागांत आदिवासी मुलांसाठी वसतिगृहे व शाळा चालवितात. त्यांत अनेकांनी आपले उभे आयुष्य वेचले आहे. नाताळात आणि उपवासकाळात आपण त्यांच्यासाठी वह्या, कपडे, धान्य, पैसे देतो. ते देणे चालूच राहावे. पण त्याबरोबर काही गोष्टी आपुलकीने विचाराव्या. मूल किती दिवसांनी घरी जाते? आईवडील भेटावयास आले तर त्यांना बसावयास जागा आहे काय? मूल आपली बोली मोकळेपणाने बोलते काय? सण आला तर तारपा वाजतो काय? अशी विचारणा म्हणजे संशय नव्हे. कॅनडात ती वेळीच झाली असती, तर परमगुरूंना एवढा प्रवास करून क्षमा मागावी लागली नसती.

दुसरे कारण आपल्या पायाखालीच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर आपले हे शहर उभे राहिले. आगरी आणि कोळी बांधवांची शेते, मिठागरे, खाड्या यांवर आज आपल्या सोसायट्या आहेत. त्यांनी त्यासाठी लढा दिला, रक्तही सांडले. डोंगराच्या कडेला आणि पनवेल-कर्जतच्या बाजूला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. सरकारदरबारी आदिम जमात म्हणून त्यांची नोंद आहे. दिवाळी झाली की त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात आणि शाळा तेथेच सुटते. वसईकडे काही कार्यकर्त्यांनी भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरविल्या. ताराबाईंच्या कुरणशाळेचीच ती धाकटी बहीण.

तिसरे कारण आपल्या मुलांसाठी आहे. वारली चित्रे आपल्या दिवाणखान्यात आहेत, कुर्त्यांवर आहेत, शाळेच्या भिंतींवर आहेत. त्या चित्रात गोल फेर धरून नाचणारी माणसे कोण, ती कोठे राहतात, त्यांची जमीन कोणी घेतली आणि ती परत मिळविण्यासाठी कोण मेले, हेही मुलांना सांगावयास हवे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या रविवारी हा विषय घेता येईल. कोसबाद आपल्यापासून फार दूर नाही. डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. युवक मंडळाने पुढच्या सहलीसाठी त्या टेकडीचा विचार करावा. मात्र जाताना वाटण्यासाठी खाऊ नेण्याआधी, ऐकण्यासाठी वेळ न्यावा.

प्रभू येशूने एका बालकाला बोलावून शिष्यांच्या मधोमध उभे केले, ही घटना आपण शुभवर्तमानात अनेकदा ऐकतो. ते बालक कोणाचे होते, कोणत्या गल्लीतले होते, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. प्रभूने त्याला आईपासून तोडून दूर नेले नाही. त्याला मधोमध उभे केले आणि मोठ्यांना त्याच्याकडून शिकण्यास सांगितले. ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. तरीही बोर्डीच्या त्या सारवलेल्या अंगणात मूल मधोमध होते आणि शिकलेली मोठी माणसे त्याच्याभोवती खाली बसली होती.

या आठवड्यात आपल्या घरातील प्रार्थनेच्या वेळी आपण तीन नावे घेऊ या. कॅनडातून घरी परत न गेलेली मुले, तलवाड्याला पडलेले वारली बांधव आणि आज रात्री एखाद्या वसतिगृहात आईची आठवण काढून झोपी जाणारे मूल. प्रार्थना झाल्यावर, आपल्या घरी धुणी-भांडी करावयास येणाऱ्या ताईचे गाव कोणते आणि तिची मुले कोठे शिकतात, हे तिला विचारू या. समेटाची सुरुवात करावयास आपल्याला कोणत्याही आयोगाची गरज नाही.